दुखतंय म्हणायला लाजू नका

साताऱ्याच्या माणपासून सांगलीच्या आटपाडी-जतपर्यंत आपण बाया पाण्यासाठी कोसकोस चाललो. धावणारी बाई मात्र लोकांना खपत नसे. ऑलिंपिकमध्येही तेच. 1928 साली बायका 800 मीटर धावल्या, पण "त्यांना झेपत नाही" म्हणत ती शर्यत 1960 पर्यंत बंद ठेवली. बायकांची मॅरेथॉन आली थेट 1984 साली.

मग माणमधल्या मोही गावची आपली ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आली. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिनं स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली.

तिच्याकडं बघून आम्हीही साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातल्या 21 किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनची तयारी धरली. घाईनं अंतर वाढवलं आणि नडग्या ठणकू लागल्या. "झेपत नाही" म्हणतील, म्हणून गप्प सोसत धावलो. दुखणं वाढलं. मग धावणं थांबवलं, बर्फ लावला. आता दर आठवड्याला थोडंथोडंच वाढवतो. हाडावर एकाच जागी बोट ठेवताच कळ आली, किंवा रात्रीही ठणका लागला, तर आधी डॉक्टर.

बायांनो, दुखतंय म्हटल्यानं आपला धावायचा हक्क कुठं जात नाही.