पाडवा ते मृग : शहापूरच्या मळ्यातला भाजीचा रतीब

दुधाचा रतीब, पेपरचा रतीब सगळ्यांना ठाऊक. भाजीचा रतीब म्हटलं की आमची नातवंडं हसतात. पण आमच्या घरी तो वीस-बावीस वर्षं होता, आणि आमचा उन्हाळा त्याच्यावरच निघायचा.

मळा शहापूर शिवारात, साडेतीन एकर. शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात, आणि लागूनच असलेलं बेळगाव व कँप इंग्रजांच्या ताब्यात. जमीन काळी. पावसाळ्यात बासमती, भात निघालं की ओलीवर मसूर आणि वाटाणा, आणि विहिरीच्या अंगाचे पंधरा गुंठे भाजीला. ही भाजी पूर्वी बरीचशी गोव्याकडे जायची. 1955 च्या सुमारास सरकारने पोर्तुगीजांची आर्थिक कोंडी केली, तेव्हा तो रस्ता बंद झाला. कोंडी योग्यच होती, आजोबाही तसंच म्हणायचे. पण मळ्यातल्या वांग्याला ते कोण सांगणार! ती पिकायची थांबली नाहीत. बाजारात भाव इतका पडला की एकदा दलालानं आजोबांच्या भरल्या बुट्ट्या तशाच परत पाठवल्या.

त्या बुट्ट्या घेऊन आजोबा खासबाग-वडगावच्या विणकर गल्ल्यांत शिरले. घरोघरी हातमाग, मजुरी आठवड्याला मिळायची, आणि बाजारात जायचं म्हणजे अर्धा दिवस माग बंद. तिथंच बोली झाली. पाडव्याला निम्मे पैसे आगाऊ द्यायचे, उरलेले अक्षय तृतीयेनंतर. मृग लागेपर्यंत दर तिसऱ्या दिवशी सकाळी एक बुट्टी दारात. मळ्यात जे निघेल ते, मागणी चालायची नाही. पाडव्याचा पैसा आम्हाला फार मोलाचा, कारण बरोबर त्याच वेळी विहिरीचा गाळ काढायचा असायचा, बियाणं आणायचं असायचं, आणि पुढं मोटेच्या जागी इंजिन आलं तेव्हा डिझेलही. सावकाराकडे न जाता ते सगळं व्हायचं.

1968 पासून बुट्ट्या पोचवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी दहा वर्षांचा. चैत्रात पहाटे चारला उठायचं. आमच्याकडे त्या वेळी अजून गारवा असतो, पाटाचं पाणी पायाला थंड लागायचं. आजोबा दारं धरायचे, मी कंदील. फटफटलं की भेंडी तोडायची, आणि भेंडीच्या लवेनं हात असे खाजायचे की शाळेत पाटीवर लिहिता यायचं नाही. काकडी पानाआड लपते, ती आईलाच सापडायची. माठ, मेथी, कोथिंबिरीच्या पेंड्या बांधायच्या त्या केळीच्या सोपानं. मग आजी ओळीनं बावीस बुट्ट्या मांडून वाटे घालायची. तराजू नव्हताच. एखाद्या घरात बाळंतीण असली की तिथं मेथी जास्त जायची, आणि त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

या बावीस घरांतली निम्म्याहून जास्त कानडी बोलणारी होती. 1956 साली राज्यं नव्यानं मांडली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, आणि पुढचं सगळं आपण सगळ्यांनी भोगलंय. आमच्या घरचे मोर्चालाही जायचे. ज्या दिवशी गावात वातावरण तापलेलं असायचं त्या दिवशी आजी म्हणायची, "आज नको पाठवूया पोराला." आजोबा काहीच बोलायचे नाहीत, सायकलला बुट्ट्या बांधायला लागायचे. मला कधी कुणी अडवलं नाही. उशीर का झाला म्हणून मात्र पुष्कळांनी विचारलं.

1971 च्या एप्रिलअखेरीस वळीव आला तो गारा घेऊनच. अर्ध्या तासात दोडक्याचा मांडव जमिनीवर, काकडीचे वेल फाटलेले, माठाचा नुसता चिखल. आजोबा रात्रभर ओसरीवर बसून होते. सकाळी त्यांनी आजीच्या पुतळ्या मागून घेतल्या, त्या गहाण टाकल्या आणि आगाऊ पैसे परत करायला निघाले. बरोबर मी. बोलीत परतफेड नव्हतीच, पण त्यांना ते पटत नव्हतं. खासबागेत एक कानडी अज्जी मागावर बसलेली होती. तिचं मराठी तोडकं, आजोबांचं कानडी तसंच. तिनं धोटा थांबवला नाही. म्हणाली, "पाऊस तुम्ही पाडलासा काय? ठेवा ते. कांदा असला तर कांदा धाडा."

सगळेच तसे नव्हते. पाच घरांनी पैसे घेतले. त्यातलं एक आमच्या अगदी जवळच्या नात्यातलं होतं, एवढंच लिहितो. बाकीच्या सतरा घरांना आम्ही महिनाभर चाळीतला कांदा आणि वाळवलेला मसूर दिला. पुतळ्या दिवाळीआधी सुटल्या.

रतीब बंद झाला तो 1978 साली, आणि भांडण होऊन नाही. गोवा 1961 लाच मुक्त झाला होता, तिकडची मागणी वाढत होती, आणि काकांनी टेम्पोत भागी घेतली. रात्री भरलेली भाजी सकाळी गोव्यात रोख पैसे द्यायची. मला तेव्हा काकांचा राग आला होता. आज येत नाही. माझ्या दोन बहिणींची लग्नं त्याच पैशावर झाली, आणि तोवर त्या गल्ल्यांत यंत्रमाग आले होते, हातमागाची घरंही विखुरली होती. आजोबा मात्र पुढचे दोन पाडवे सकाळी धुतलेलं धोतर नेसून ओसरीवर बसले, कुणी पैसे घेऊन आलंच तर म्हणून. पहिल्या वर्षी तिघं आले होते.

आता विहीर गाळानं भरलीय. पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरतं, भात कुजतं, निम्मी जमीन विकून झाली. आजोबांची रतिबाची वही मोडीत होती, आमच्यात कुणाला वाचता येईना. गेल्या वर्षी एका जाणकारांनी ती वाचून दिली. 1971 च्या पानावर प्रत्येक घरापुढं परत केलेली रक्कम लिहिली आहे, आणि सतरा ठिकाणी रकमेच्या जागी एकच शब्द : 'नको'.

खासबाग-वडगावकडचं कुणी हे वाचत असेल, आणि लहानपणी दारात सायकलवरून भाजीची बुट्टी आल्याचं आठवत असेल, तर खाली जरूर लिहा. तुमच्या घराचं पान माझ्याकडे आहे.