बाय मिळालेला विम्बल्डन

काही वर्षांपूर्वी ऑफिसातली टेबल टेनिस स्पर्धा मी जिंकलो होतो. (हसू नका!) कारण साधं होतं. त्याच आठवड्यात एका प्रोजेक्टचं रिलीज होतं आणि चांगले खेळणारे चौघं रात्र-रात्र तिथे अडकले होते. कप अजून माझ्या डेस्कवर आहे, आणि येणारा-जाणारा त्याच्याकडे बघून "अरे, तो बाय वाला ना?" असं विचारतोच.

त्यामुळे यान कोडेश या माणसाबद्दल मला खास जिव्हाळा आहे. तो 1973 चा विम्बल्डन पुरुष एकेरी विजेता. त्याचा कप तर साक्षात विम्बल्डनचा, पण प्रश्न तोच.

तर झालं असं. 1968 पासून मोठ्या स्पर्धा व्यावसायिक खेळाडूंना खुल्या झाल्या खऱ्या, पण कोणी कुठे खेळायचं हे ठरवायचा हट्ट देशोदेशीच्या संघटनांनी सोडला नव्हता. 1972 च्या सप्टेंबरमध्ये खेळाडूंनी स्वतःची संघटना काढली, तीच आजची एटीपी. क्लिफ ड्रिस्डेल अध्यक्ष, जॅक क्रेमर कारभारी.

पुढच्याच वर्षी ठिणगी पडली. युगोस्लाव्हियाचा निकी पिलिच न्यूझीलंडविरुद्धची डेव्हिस कप लढत खेळला नाही. संघटना म्हणाली, तू कबूल केलं होतंस. तो म्हणाला, तसं पक्कं काही ठरलंच नव्हतं. संघटनेने सरळ नऊ महिन्यांची बंदी घातली. (संघटनेचे अध्यक्ष त्याच्या बायकोच्या नात्यातलेच! घरच्या गणपतीत काय बोलणं होत असेल, असा प्रश्न आपल्याला पडतो.) आंतरराष्ट्रीय महासंघाने बंदी एका महिन्यावर आणली, पण तो महिना नेमका असा की विम्बल्डन हुकावं. मामला लंडनच्या कोर्टात गेला, कोर्टाने हस्तक्षेपाला नकार दिला.

आता खेळाडूंपुढे पेच. पिलिच काही गर्दी खेचणारा स्टार नव्हता. त्याच्यासाठी विम्बल्डन सोडायचं? संघटनेच्या बोर्डात शेवटच्या मतदानात तीन विरुद्ध तीन मतं पडली, ड्रिस्डेल तटस्थ राहिला, आणि आधी ठरलेला बहिष्कार कायम राहिला. गंमत म्हणजे "खेळू या" म्हणणाऱ्यांत स्टॅन स्मिथ होता, आदल्या वर्षीचा विजेता! मत हरल्यावर तोही बाहेर बसला. एकूण 81 जण बाहेर. आधी जाहीर झालेल्या 16 मानांकितांपैकी 13 गेले. नास्तासे, इंग्लंडचा रॉजर टेलर असे मोजके खेळले, त्यांना संघटनेने नंतर दंड केला.

लोकांनी पाठ फिरवली का? छे! तीन लाखांवर प्रेक्षक आले. 17 वर्षांचा बोर्ग उपांत्यपूर्व फेरीत पोचला. आपला 19 वर्षांचा विजय अमृतराजही. त्याने कोडेशला पाच सेटपर्यंत दमवलं, शेवटचा सेट 7-5 असा गेला. उपांत्य फेरीत अख्खं सेंटर कोर्ट टेलरच्या बाजूने, तरी तिथेही कोडेशने पाचवा सेट 7-5 असाच काढला. अंतिम सामन्यात त्याने सोव्हिएत युनियनच्या मेत्रेवेलीला 6-1, 9-8, 6-3 असं हरवलं. (9-8 ही टायपिंगची चूक नाही. तेव्हा तिथे टायब्रेक 8-8 वर व्हायचा.)

मग हा विजय फुकटचा? कोडेशने आधी 1970 आणि 1971 अशी दोनदा फ्रेंच ओपन जिंकलेली. आणि त्याच सप्टेंबरमध्ये, सगळे बहिष्कारवाले परत आलेले असताना, त्याने यूएस ओपनच्या उपांत्य फेरीत खुद्द स्मिथला पाच सेटमध्ये हरवलं. अंतिम सामना मात्र तो न्यूकमकडून हरला, तोही पाच सेटमध्ये. याहून वेगळं उत्तर काय द्यायचं असतं?

बाहेर बसलेल्यांनाही काही मिळालंच. कोणाला कुठे खेळायचं याची सक्ती करणं संघटनांना पुढे जड जाऊ लागलं. 23 ऑगस्ट 1973 ला एटीपीची पहिली कॉम्प्युटर क्रमवारी आली. प्रवेश आयोजकांच्या मर्जीऐवजी निकालांवर ठरू लागला. आमच्या धंद्याच्या यंत्राने एखाद्याच्या वशिल्याची जागा घेतली, हे वाचून मला उगाचच बरं वाटतं. पहिला नंबर मात्र नास्तासेचा, म्हणजे बहिष्कार मोडणाऱ्याचा. कॉम्प्युटरला निष्ठा कळत नाही!

आणि पिलिच? डेव्हिस कप खेळला नाही म्हणून ज्याच्यावरून एवढं रामायण झालं, त्यानेच पुढे कप्तान म्हणून जर्मनीला तीनदा आणि 2005 मध्ये क्रोएशियाला डेव्हिस कप जिंकून दिला.

मला राहून राहून स्मिथ आठवतो. स्वतःचं मत वेगळं असताना, एका सहकाऱ्याच्या हक्कासाठी हातातलं विम्बल्डन सोडणं... आपण अप्रेझलच्या आठवड्यात एक मेलसुद्धा पाठवत नाही. कोडेशने समोर आला त्याला हरवलं, स्मिथने खेळायलाच नकार दिला. मला दोघंही बरोबर वाटतात.

माझ्या कपाचं म्हणाल तर, त्या चौघांना मी मॅचचं आव्हान दिलंय. बघू.