नियमात नाव नाही, तरी दार बंद

समजा, दप्तरखान्यात तुमच्या हाती कॅनडाचा १९०८चा एक नियम लागला. स्थलांतरिताने जन्मदेशातून किंवा नागरिकत्वाच्या देशातून, तिथेच काढलेल्या तिकिटावर, सलग प्रवास करून यावं, एवढंच त्यात म्हटलंय. भारताचं नावही नाही. मग हा नियम सगळ्यांना सारखा होता, असं लिहायचं का?

लिहिण्याआधी जहाजांचे मार्ग बघा. भारतातून व्हँकुव्हरला थेट जाण्याची सोयच नव्हती! नियम कोणाला अडवत होता ते इथे कळतं. १९१४ साली हाँगकाँगहून निघालेली ‘कोमागाता मारू’ ३७६ प्रवाशांसह तिथे पोचली. दोन महिने बंदरात अडकली आणि मोजके प्रवासी सोडून बाकीच्यांना परत जावं लागलं.

पुढे १९६७ मध्ये गुणपद्धती आली. नातेवाइकांनी बोलावण्याची वाट वेगळी होती. पण स्वतंत्र अर्जदाराला १०० पैकी ५० गुण मिळाले, की कायम वास्तव्याचा मार्ग मोकळा व्हायचा. शिक्षणाला २०, वयाला १०, भाषेला १०. आता वंश-देश काही आड येत नाही, असं म्हणून प्रकरण संपवायचा मोह होतो. पण याच तक्त्यात १५ गुण ‘व्यक्तिगत मूल्यमापना’चे होते आणि ते मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात होते.

म्हणून प्रबंधात नियमाचा मजकूर देऊन थांबू नका. तो कोण राबवत होतं आणि दाराबाहेर कोण राहिलं, हेही शोधा. खरा संशोधनप्रश्न बहुतेकदा तिथेच सापडतो.