त्रैराशिक कोठें लागतें?

वर्सोव्याच्या कोळीवाड्यांत उन्हाच्या दिवसांत बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. एक ओळ वाळण्यास दोन दिवस लागत असतील, तर तशाच दहा ओळी एकदम टांगल्यास किती दिवस लागतील? त्रैराशिक नुकतेंच शिकलेला मुलगा चटकन् 'वीस' म्हणेल, आणि कोळीण हंसेल. ऊन एकच असतें, व तें सर्व ओळींवर एकाच वेळीं पडतें. मुलाच्या गुणाकारांत चूक नाहीं. चूक झाली ती गुणाकार करण्यापूर्वींच.

तीन राशि ठाऊक असतां चौथी काढण्याची ही रीत आर्यभटानें इ. स. 499 च्या सुमारास सांगितली. पहिली राशि प्रमाण, दुसरी फल, तिसरी इच्छा. फलाला इच्छेनें गुणून प्रमाणानें भागावें, म्हणजे उत्तर येतें. युरोपांतील व्यापाऱ्यांत हीच रीत इतकी मान्य झाली कीं, तिला 'सुवर्णरीति' असें नांव पडलें.

भास्कराचार्यांनीं इ. स. 1150 मध्यें 'लीलावती' रचली. त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख खानदेशांत चाळीसगांवजवळ पाटण येथें आहे. विश्व जसें ईश्वरानें व्यापिलें आहे, तसें गणित त्रैराशिकानें व्यापिलें आहे, असें आचार्य मानीत. त्यांच्या एका उदाहरणांत तीन सप्तमांश निष्कास अडीच पल केशर मिळतें, तर नऊ निष्कांस किती, असा प्रश्न आहे. उत्तर साडेबावन्न पल. परंतु आचार्य तेथेंच थांबले नाहींत. सात आढकांच्या मापानें धान्याची रास शंभर मापें भरली, तर पांच आढकांच्या मापानें किती भरेल? येथें माप लहान होतांच संख्या वाढते, आणि उत्तर 140 येतें. इच्छा वाढतां फल घटतें, तेथें व्यस्त त्रैराशिक योजावें, असा त्यांचा स्पष्ट नियम आहे. म्हणजे आधीं संबंध ओळखावा, मग रीत लावावी.

पुढें पंतोजींच्या शाळांत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी यांच्या घोकंपट्टीनें बाजाराचा हिशेब तोंडीं होऊं लागला. ती तयारी मोठी खरी. पण तींत वस्तु दुप्पट तर दाम दुप्पट, हेंच गृहीत धरलेलें असे. आजच्या शालेय गणितांत हे दोन संबंध समचलन व व्यस्तचलन या नांवांनीं शिकवितात.

पण या दोहोंत न बसणारे व्यवहारहि पुष्कळ आहेत. एका फेरींत दहा हजारांची मासळी आली आणि बर्फ, इंधन वगैरेंचा खर्च चार हजार झाला, असें धरूं. वांटणीस सहा हजार उरतात. पुढच्या फेरींत मासळी वीस हजारांची आली व खर्च तितकाच राहिला, तर बारा नव्हे, सोळा हजार उरतील. उलट मासळी पांच हजारांचीच आली, तर तीन हजार नव्हे, एकच हजार हातीं येईल. मासळी निम्मी झाली, पण खलाशांचा वांटा सहावा हिस्साच राहिला! स्थिर खर्च मध्यें आला कीं प्रमाण मोडतें.

यास्तव एक राशि दुप्पट केल्यास दुसरी खरोखरच दुप्पट होते काय, निम्मी होते काय, कीं दोन्हीहि नाहीं, हा प्रश्न विद्यार्थ्यानें प्रथम विचारावा. मांडवाखालीं उभी असलेली कोळीण पाटी न घेतां नेमका तोच विचार करीत असते.