एका ठरावाची चौदा वर्षे

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेकौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले सगळे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना वापरू द्यावेत, अशी शिफारस त्यात होती. सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातील जागाही त्यात होत्या. म्हणजे नगरपालिका आणि लोकल बोर्डे आलीच. पुढच्याच महिन्यात सरकारने खातेप्रमुखांना तशा सूचना धाडल्या.

या ठरावाची खरी ताकद त्याच्या कसोटीत आहे. धर्मशाळेत कोणी उतरावे, दवाखान्याच्या ओसरीवर कोणी बसावे, हे तोवर गावची चाल ठरवत असे. बोले यांनी शास्त्राचा किंवा दयेचा मुद्दा पुढे केलाच नाही. जागा कोणाच्या पैशाने उभी राहिली आणि कोणाच्या पैशाने चालते, एवढेच त्यांनी विचारले. बोले स्वतः भंडारी समाजाचे, कामगारांच्या हितासाठी झटणारे. पैसा सार्वजनिक असेल तर वापरही सार्वजनिक, इतका सरळ हिशेब त्यांनी मांडला.

हा हिशेब मराठी मुलखाला अगदीच नवा नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद सर्वांना खुला केला, पण तो त्यांचा स्वतःचा होता. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी पालिकेच्या पैशाबद्दलही तोंड उघडले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी १८८० मध्ये शहर सजवायला हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे सांगून विरोधात मत देणारे ते एकटेच होते. पालिकेची तिजोरी कोणाची, हा प्रश्न तेव्हाच सभेपुढे आला होता.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये एकामागून एक हुकूम काढून संस्थानातील शाळा, दवाखाने, धर्मशाळा, सरकारी इमारती आणि पाणवठे अस्पृश्यांना मोकळे केले. नियम कसा लिहावा हे शिकायचे असेल तर हे हुकूम वाचावेत. अंमलबजावणी कोणी करायची आणि न केल्यास त्याचे काय होईल, हेही महाराजांनी त्यात लिहून ठेवले. समतेने वागणे ज्या अधिकाऱ्याला जमणार नसेल त्याने हुकूम पोचल्यापासून सहा आठवड्यांत राजीनाम्याची नोटीस द्यावी, त्याला पेन्शन मिळणार नाही, असे त्यांनी स्वच्छ बजावले होते. इमारतीचे दार उघडे की बंद हे शेवटी तिथे बसलेला कारकून, मास्तर किंवा कंपाउंडर ठरवतो, हे महाराजांनी पुरते ओळखले होते.

बोले यांच्या ठरावात हा दात नव्हता. ती शिफारस होती, आणि शिफारस गुंडाळून ठेवता येते. बहुतेक नगरपालिका आणि लोकल बोर्डांनी तेच केले. म्हणून ऑगस्ट १९२६ मध्ये बोले पुन्हा उभे राहिले आणि ठराव न पाळणाऱ्या नगरपालिकांचे व बोर्डांचे सरकारी अनुदान रोखावे, असा दुसरा ठराव त्यांनी मांडला. पालिकेची नाडी अनुदानात असते, हे त्यांना नेमके कळले होते.

कुलाबा जिल्ह्यातल्या महाड नगरपालिकेने मात्र जानेवारी १९२४ मध्येच आपल्या ताब्यातील चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. तळे चार-पाच एकरांचे, भोवती पालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे बहुतांशी सवर्णांची घरे. मुसलमान ते पाणी भरत, गुरेढोरे पीत. ठरावानंतर तीन वर्षे उलटली तरी एकाही अस्पृश्याला तिथे ओंजळ भरता आली नाही. पालिकेने ठराव केला, पण काठावर उभे राहून तो पाळून घेणारा कोणी नेमला नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वीरेश्वर थिएटरात मांडव पडला आणि कोकणातून, घाटावरून अडीच-तीन हजार माणसे आली. त्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी परिषदेला सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. पालिकेच्या ठरावाने खुले झालेले तळे हाकेच्या अंतरावर असताना ही वेळ आली होती. ठराव कागदावर राहिला म्हणजे त्याचा भुर्दंड कोणाला बसतो, हे त्या चाळीस रुपयांइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी अनंतराव चित्रे यांनी नगरपालिकेच्या ठरावाची आठवण करून दिली आणि आपण सगळे आत्ताच तळ्यावर जाऊ, अशी सूचना केली. चार-चारच्या रांगा करून मिरवणूक बाजारातून शांतपणे निघाली. बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, मागोमाग इतरांनी. लोक मांडवात परत आले, जेवणे सुरू झाली, आणि आता ही मंडळी वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई गावात उठली. काठ्या घेतलेला जमाव मांडवात घुसला. जेवणाऱ्यांवर हल्ला झाला, अन्न मातीत गेले. कित्येकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. त्यानंतर तळ्यातून एकशेआठ घागरी पाणी उपसून, त्यात पंचगव्य मिसळून, ते पुन्हा तळ्यात ओतून शुद्धीकरण करण्यात आले.

आणि ४ ऑगस्ट १९२७ ला महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांचा ठराव मंजूर झाला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. साध्या बहुमताने केलेला नियम साध्या बहुमताने पुसताही येतो, ही पालिकेच्या कारभारातली जुनी दुबळी जागा आहे. सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबा टिपणीस यांच्यासारखा नगराध्यक्ष परिषदेच्या बाजूने ठाम उभा होता, तरीही हे घडले. टिपणीस आणि चित्रे दोघेही सवर्ण, दोघांनीही गावचा रोष अंगावर घेतला. १९३७ च्या निवडणुकीत हे दोघे आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले.

१९२७ च्याच डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तेव्हा जागेचा प्रश्न आणखी बिकट झाला. गावातला एकही हिंदू मांडवाला जमीन देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. महाडचे व्यापारी माल विकत नव्हते, म्हणून दहा दिवस पुरेल इतके धान्य बाहेरून आणले. बाबासाहेब मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरले आणि तिथून महाडला आले. दरम्यान विरोधकांनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावून तळ्यावर जाण्यास तात्पुरती मनाई मिळवली होती. परिषदेत प्रत्यक्ष जिल्ह्याच्या कलेक्टरांनी येऊन हुकूम मोडू नका असे सांगितले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याभोवती मिरवणूक निघाली, पण न्यायालयाचा मान राखून पाण्याला कोणी हात लावला नाही.

मग खटला चालू राहिला. तळे म्हणजे खाजगी मालमत्ता, आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याचा रिवाज अनादी काळापासून चालत आला आहे, असे वादींचे म्हणणे. तळे पालिकेच्या मालकीचे आहे असे ठरवून महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये दावा फेटाळला. जिल्हा न्यायालयानेही १९३३ मध्ये तेच केले. वादी मुंबई उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला : असा रिवाज सिद्ध झालेला नाही. तळ्यावरच्या सत्याग्रहाला तीन दिवसांनी दहा वर्षे पुरी होत होती, आणि बोले यांच्या ठरावाला चौदावे वर्ष चालू होते.

हा निकाल रिवाज सिद्ध झाला नाही म्हणून लागला, हे विसरता कामा नये. रिवाज सिद्ध झाला असता तर पालिकेची मालकी असूनही लोकांना बाहेर ठेवले जाण्याची शक्यता तेव्हाच्या कायद्यात उरली असती. ती पळवाट राज्यघटनेने बुजवली. घटनेच्या पंधराव्या कलमाच्या दुसऱ्या उपकलमात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते आणि लोकांच्या वावराच्या जागा यांचा उल्लेख आहे. ज्या जागा पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून राखल्या जातात, किंवा सर्वसामान्यांच्या वापरासाठी अर्पण केलेल्या आहेत, तिथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थानावरून कोणालाही अडवता येत नाही. बोले यांची पैशाची कसोटी इथे मूलभूत हक्क होऊन बसली, आणि ‘अंशतः’ हा शब्द घालून मसुदाकारांनी तिची कक्षा आणखी रुंद केली. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने त्यामागे शिक्षा उभी केली. शाहू महाराजांच्या हुकुमात जो दात होता, तो असा छत्तीस वर्षांनी देशभर लागू झाला.

सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली नगरपालिकांची सभागृहे, समाजमंदिरे आणि नाट्यगृहे आज भाड्याने मिळतात. अनामत किती, लाउडस्पीकर किती वाजेपर्यंत, तारीख आधी कोणाला, हे नियमावलीत लिहिलेले असते, आणि ते लिहायलाच हवे. पण अर्ज नाकारायचा अधिकार कोणाला आहे, नाकारताना त्याने कारण लेखी द्यायचे की नाही आणि दाद कोणाकडे मागायची, हेही तिथे असले पाहिजे. महाडचा १९२४ चा ठराव अडला तो नेमका याच ठिकाणी. आपल्या गावच्या पालिकेची नियमावली एकदा मागून घ्या आणि या तीन गोष्टी तिच्यात आहेत का ते पाहा. नसतील तर त्या घालून घेण्यासाठी अर्ज करा.