ओळंब्याची कुळकथा

इमारत हलते आहे की नाही हे ठरवण्याचे काम आज विजेवर चालणाऱ्या उपकरणांकडे गेले असले, तरी त्या विद्येचे मूळ गवंड्याच्या ओळंब्यात, म्हणजे दोरीला टांगलेल्या वजनात आहे. कारण हालचाल मोजायची तर आधी न हलणारे काहीतरी हाताशी लागते, आणि गुरुत्वाकर्षणाची उभी रेषा गवंड्याला फुकट मिळते. पीसाच्या झुकत्या मनोऱ्यात १९३४ साली टांगलेला लंबक याच कुळातला. मोठ्या धरणांत तर ओळंबा उलटा केला गेला: तार पायाखालच्या खडकात रोवायची आणि वरचे टोक टाकीतल्या तरंगत्या पिंपाने ताणून धरायचे, म्हणजे स्थिर बिंदू वर न राहता खाली, खडकात जातो.

फलटण परिसरात नेमका हा स्थिर बिंदूच अवघड आहे. नीरा उजव्या कालव्याच्या भिजणीतली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. त्यामुळे उथळ पायाची भिंत ऋतूप्रमाणे वरखाली होते, दाराखिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात, आणि वैशाखात रुंदावलेली भेग पावसाळ्याअखेर बरीचशी मिटलेली दिसते. माळावरच्या मुरमावर बांधलेल्या घराला हा जाच सहसा नसतो. भेगेवर आडवी काचपट्टी सिमेंटने चिकटवून तारीख लिहिण्याची जुनी रीत येथे तोकडी पडते, कारण काच एकदा तडकली की भेग किती आणि कोणत्या दिशेने सरकली हे ती सांगत नाही. त्यापेक्षा भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू पक्का बसवून त्यांतले अंतर व्हर्नियर कॅलिपरने दरमहा मोजणे अधिक उपयोगी, आणि पातळी तपासण्याची खूणही काळ्या मातीत न रोवता खालच्या मुरमात वा खडकात रोवावी लागते.

आधीपासून नोंदी ठेवल्याने काय साधते हे फलटणच्याच जिल्ह्यात दिसले. पाटण तालुक्यातील कोयना धरणात १९६२ मध्ये पाणी अडू लागल्यावर हादरे जाणवले, आणि खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने १९६३ पासून तेथे भूकंपमापक बसवले. म्हणून ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा मोठा भूकंप अगदीच अनोळखी ठरला नाही. धरणातल्या प्रवेगमापकाने, म्हणजे धक्क्याचा जोर नोंदवणाऱ्या यंत्राने, गुरुत्वप्रवेगाच्या सुमारे ६३ टक्के जोर टिपला, आणि भेगा पडल्या त्या मुख्यतः धरणाच्या मागील बाजूचा उतार जेथे एकदम बदलतो त्या पातळीला.

फलटणच्या घराला इतक्या यंत्रांची गरज नाही. मात्र एक उन्हाळा आणि एक पावसाळा धरून वर्षभराच्या नोंदी हाती नसताना भिंत पाडण्याचा वा भेग बुजवण्याचा सल्ला देणे घाईचेच ठरते.