मासा काय खातो? भंडाऱ्याच्या तलावांचा एक वेगळा इतिहास

थंड देशांत गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून ट्राऊट पकडतात, हे तुम्ही व्हिडिओत पाहिलं असेल. वर बर्फ असला तरी खाली मासा जागा असतो. किड्यांच्या अळ्या, बारीक कोळंबीसारखे जीव, लहान मासे खात असतो. हे ज्याला ठाऊक, तोच योग्य आमिष लावतो. आमच्या भंडाऱ्यात बर्फ नाही आणि ट्राऊटही नाही. पण मासा काय खातो, हा प्रश्न इथेही तेवढाच महत्त्वाचा आहे. माझ्या संशोधनाचा एक धागा इथूनच सुरू होतो.

भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने इथे पाळी बांधून पावसाचं पाणी अडवलं. पुढे मालगुजारीच्या काळात हेच तलाव ‘मालगुजारी तलाव’, म्हणजे आपले ‘मामा तलाव’ झाले. कागदपत्रं वाचायला बसलात तर एक गोष्ट लगेच लक्षात येईल. तलावाची नोंद होते ती बहुतेक वेळा धानाच्या सिंचनासाठी. किती एकर भिजतं, पाणीपट्टी किती, पाळ कुणी दुरुस्त करायची, एवढंच. पाण्याच्या आत काय चाललंय याची नोंद क्वचितच.

ती नोंद होती ढिवरांच्या डोक्यात. मासेमारी आणि शिंगाड्याची शेती यांवर जगणाऱ्या या समाजाला तलाव आतून माहीत होता. उदाहरणार्थ मरळ घ्या. ही शिकारी मासळी: लहान मासे, बेडूक, किडे खाते. पण तिची पिल्लं सुरुवातीला पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर जगतात, आणि नर-मादी पाणवनस्पतींच्या आडोशाला घरटं करून त्यांची राखण करतात. म्हणजे मरळ हवी असेल तर तलावात गवत हवं. गवत गेलं की किडे गेले, आडोसा गेला, पिल्लंही गेली.

मग बदललं काय? दोन गोष्टी जवळपास एकाच दशकात घडल्या. पहिली, १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. पुढे १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे गेले. जमीनदारी संपली हे चांगलंच झालं. पण पाळ सांभाळणारी जुनी व्यवस्थाही सोबत विस्कटली, आणि गाळ साचत गेला. दुसरी गोष्ट भंडाऱ्यापासून दूर, ओडिशात घडली. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. हे मासे एरवी वाहत्या नदीत अंडी घालतात, साचलेल्या तलावात नाही. आता बीज हवं तेव्हा तयार करता येऊ लागलं.

त्यातून आलेला हिशेब साधा होता. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाचा कुजका गाळ खातो. तिघं एकत्र सोडा, भांडण नाही, उत्पन्न जास्त. १९५९ मध्ये गवत्या मासा देशात आला. तो तर पाणवनस्पतीच फस्त करतो. हिशेब चुकीचा नव्हता. रोहू-कटल्याने अनेक ढिवर कुटुंबांना रोख पैसा दिला, हे विसरून चालणार नाही. पण या हिशेबात गवत म्हणजे अडथळा, आणि मरळ म्हणजे बीज खाणारा शत्रू. स्थानिक मासळीचं ताट आणि घर दोन्ही एकदमच ‘साफ’ झालं. दरवर्षी बीज विकत आणायचं, ही नवी गरज मात्र कायमची राहिली.

अलीकडे ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ या संस्थेसोबत काही गावांतले ढिवर उलट्या दिशेने निघालेत: बेशरम उपटायचं, देशी पाणवनस्पती लावायच्या, मग मासे.

आधी ताट, मग पाहुणा. आपल्या घरीही असंच असतं ना? आता पुढच्या वेळी तलावाच्या पाळीवर उभे राहाल तेव्हा किती पाणी आहे ते बघाच. पण पाण्यात गवत आहे का, हेही बघा.